अस्वलाची एकुलती एक फ्लॉपी

एका जंगलात एक अस्वल होतं आणि त्याची एक कादंबरी होती. अस्वल सगळ्यांनी पाहिलं होतं. कादंबरी कुणीच नाही.

ते अस्वल कोण, हे विचारू नका, बाळांनो. आणि माझ्या हातांवरच्या केसांकडे असं बघूही नका. ते आमच्या घराण्यातच आहेत.

कादंबरी एका फ्लॉपीवर होती. फ्लॉपी म्हणजे वडीसारखी चौकोनी वस्तू. तुमच्या जन्माआधी लिहिलेलं तिच्यात साठवत. तिच्यातलं वाचता यायचं फक्त अस्वलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि तो कधीचा बंद होता. "काय सांगू, आत अडकून पडलीय," असं अस्वल प्रत्येक लग्नात, बारशात सांगायचं. ऐकणारे हळहळायचे. नुसत्या हळहळीवर अस्वलाची थोर लेखकांत गणना व्हायला लागली.

मग जंगलानं त्याचा सत्कार ठरवला. मांडव घातला. कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. सत्काराच्या वेळी कादंबरीतलं एक पान वाचायचं ठरलं, आणि अस्वल घाईघाईनं म्हणालं, "पण मशीन बंद आहे ना!"

दरबारातल्या कोल्ह्याला यंत्रातलं कळायचं. त्यानं बटण दाबून पाहिलं.

"मशीन ठणठणीत आहे. फक्त त्याला सुरू करणारी फ्लॉपी हवी. स्टार्टअप डिस्क म्हणतात तिला. आधी ती घातली की हे जागं होतं. दरबारातल्या मशीनवर मी बनवून आणतो. एक कोरी फ्लॉपी द्या."

सगळं जंगल पालथं घातलं. फ्लॉपी एकच निघाली. कादंबरीची.

"हीसुद्धा चालेल," कोल्हा म्हणाला. "पण आधी पुसावी लागेल."

सत्कार समितीची बैठक बसली. अध्यक्ष रानडुक्कर म्हणालं, "मशीन सुरू झाल्याशिवाय कादंबरी वाचता येणार नाही. फ्लॉपी पुसल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. तेव्हा वाचायची असेल तर पुसलीच पाहिजे."

सगळ्यांनी हात वर केले. माकडानं दोन्ही.

"अहो, तुम्ही काहीतरी बोला की," अस्वलीणबाई म्हणाल्या.

अस्वलानं घसा खाकरला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"समितीपुढं मी कोण?" ते म्हणालं.

फ्लॉपी पुसली गेली. मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकायला लागली आणि टाळ्या पडल्या. कादंबरी गेल्याचं लोकांच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग मांडवात रडारड झाली. अस्वलाला सत्काराची शाल मिळाली, आणि वर दुखवट्याची टोपीही.

घरी आल्यावर अस्वलीणबाईंनी विचारलं, "खरं सांगा, किती पानं झाली होती?"

"अर्पणपत्रिका धरून?"

"धरून."

"तीन," अस्वल म्हणालं. त्याला स्वतःची लाज वाटली.

बाईंनी टोपी खुंटीला अडकवली. "मला वाटलंच होतं. असो. आता मशीन चालतंय. बसा लिहायला."

दुसऱ्या दिवशी अस्वल बसलं. रेघ लुकलुकत होती. अस्वल तिच्याकडे बघत राहिलं, ती अस्वलाकडे. एवढी भीती त्याला वाघाचीही कधी वाटली नव्हती. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यानं कसाबसा तग धरला. मग कोल्ह्याला बोलावणं पाठवलं.

"कोल्हेबुवा, मी लिहायला बसलोय खरा," ते म्हणालं. "पण प्रिंटर बंद आहे. तो सुरू झाल्याशिवाय लिहून काय उपयोग?"

तात्पर्य : बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करू नये. आपण लिहिलेलं सगळ्यात चांगलं पुस्तक त्यातच असतं.