शब्दखान्यातील लेडी हयात राहिली त्याची हकीकत

श्री वाग्देवतेस नमस्कार करून आणि पुढे चुका काढणारांस आधीच हात जोडून लिहिणे ऐसे जे, शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी या राज्यात जे घडले ते येणेप्रमाणे.

पूर्वी थोरल्या महाराजांचे वेळी टोपीकरांचे एक गलबत किनाऱ्यास लागून फुटले, आणि माणसे आपल्या मुलखास निघून गेली, आणि जुन्या पोथ्यांची एक पेटी मागे राहिली. पेटीत इंग्रजी भाषेतले फार पुराणे शब्द निघाले. थोरले महाराज दयाळू, ते बोलिले, "आश्रयास आले आहेत, सांभाळावे." मग पीलखाना, जामदारखाना तैसा शब्दखाना उभा जाहला आणि त्यावर भिकाजीपंत दफ्तरदार नेमिले. दरसाल बंदरावरून टोपीकरांचा वकील येई आणि पंत त्यास शब्द दाखवीत. पहिल्याच साली पंतांनी विचारले, "नाईस म्हणजे मूर्ख, ऐसे पोथीत आहे. बरोबर ना?" वकील म्हणाला, "छे! नाईस म्हणजे छान, गोड. मूर्खास कोणी नाईस म्हणत नाही आता." पंत घाबरले आणि अनंतशास्त्र्यांकडे धावले. शास्त्रीबोवांनी निर्णय दिला की शब्द राज्याने दत्तक घेतले आहेत, अर्थ हा शब्दाचा प्राण आहे, आणि प्राण गेला त्या अर्थी दहा दिवस सुतक. मग अवघ्या राज्यास सुतक लागले. पुढल्या साली सिली गेला. तो मूळचा सुखी, पुण्यवान, त्यास टोपीकरांनी खुळा करून सोडले होते. पुन्हा दहा दिवस. मग गर्लची पाळी आली. ती आधी मुलगा आणि मुलगी दोघांसही चाले, ती पोरींपुरतीच उरली होती. शास्त्रीबोवा म्हणाले, अर्धा प्राण गेला, सुतक पाच दिवस. ऐसे वर्षानुवर्षे चालले आणि न्हावी रिकामे बसले, आणि कारकुनांच्या दाढ्या दौतीत बुडू लागल्या, आणि वकिलाच्या ताटातले जेवणही अळणी जाहले. तो काकुळतीस येऊन म्हणाला, "शास्त्रीबोवा, मी खोटे सांगू का?" शास्त्रीबोवा म्हणाले, "लपवलेले सुतक दुप्पट." सवलत एवढीच दिली की ज्या अर्थाने हाक मारणारा एक आणि ओ देणारा एक राज्यात हयात असेल, तो अर्थ जिवंत धरावा.

या सवलतीवर पंतांच्या घरी दोन शब्द जगत होते. पोथीप्रमाणे लेडी म्हणजे पीठ मळणारी आणि लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार. पंतांची बायको साळूबाई परातीत पीठ मळी आणि पंत दुरडीपाशी मांजर हाकीत बसत. पंत म्हणत, "जाड राहिली हो, लेडी." साळूबाई म्हणे, "लॉर्ड, तिकडे मांजराने अर्धी नेली सुद्धा. काय राखता, कपाळ?" ऐसे तीस वर्षे चालले. आणि यंदा भाद्रपदात तीन दिवसांच्या तापाने साळूबाई गेली. पुढेही सकाळी पंतांच्या तोंडून सवयीने हाक जाई, आणि ओ येत नसे, आणि मग पंत चुलीपाशी तसेच बसून राहत.

मार्गशीर्षात हुजुरांची मर्जी फिरली. माघात राजकन्येचे लग्न होते आणि महाराजांस सुतकांचा वीट आला होता. आज्ञा जाहली, "ज्यांस साक्षी नाही ते अवघे अर्थ अमावास्येस एकदम मेले म्हणून लिहावे, एकाच सुतकात उरकावे, आणि शब्दखान्यास कुलूप घालावे." यादी पंतांनीच लिहायची. ते लिहीत गेले आणि लेडीपाशी बोरू थांबला. शास्त्रीबोवा म्हणाले, "लिहा पंत. ओ देणारी आता आहे कुठे?" पंतांनी बोरू खाली ठेविला आणि उठून घरी गेले.

अमावास्येस दरबार भरला, आणि पंत परात, पिठाची पिशवी आणि तांब्या घेऊन आले, अंगरखा काढून ठेविला आणि महाराजांसमोर बसून पीठ मळू लागले. महाराज बोलिले, "पंत, हे काय मांडलेत?" पंत म्हणाले, "साक्ष, महाराज. आमच्या घरी आता पीठ मी मळतो. तेव्हा लेडी मीच. हाक तेवढी कोणी मारावी." वकिलास आज्ञा जाहली. त्याने पंतांच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या आणि कानांस हात लाविले. "महाराज, एवढ्या मिशांस मी लेडी म्हटले हे कळले तर मला जहाजावर घेणार नाहीत." शास्त्रीबोवाही म्हणाले, "पुरुषास हा शब्द लागायचा नाही." पंत मळता मळता म्हणाले, "गर्ल मुलग्यांसही लागत होती, आणि ते सुटले तर आपण पाच दिवस सुतक धरलेत. मग लेडीसच मिशांचे वावडे का?" मग महाराज स्वतःच हसत बोलिले, "लेडी!" आणि अवघा दरबार खदखदला. पंतांनी मान खाली घातली आणि "ओ" म्हटले, आणि तो आवाज मध्येच चिरला, आणि हसणे आपोआप थांबले.

मग शेगडी आणविली आणि एक भाकरी जाहली, ती कडेने फाटली. पंत म्हणाले, "पाणी कमी पडले. तिने सांगितले असते." ताट हुजूर ठेविले तोच मुदपाकखान्याचे मांजर झेपावले, आणि महाराजांनी भाकरीवर ढाल धरली आणि ओरडले, "हट!" शास्त्रीबोवा उठून उभे राहिले. "भाकरी राखली! महाराज, लॉर्डही हयात आहे." महाराज बोलिले, "आम्ही? मांजर हाकणारे?" वकील लवून म्हणाला, "आमच्याकडे या शब्दासाठी थोर थोर लोक जन्म घालवतात, महाराज." महाराज खूश जाहले, आणि अर्धी भाकरी मोडून खाल्ली, आणि बोलिले, "जाड राहिली हो, लेडी." पंतांनी ताटाकडे पाहिले आणि भान सुटून म्हणाले, "लॉर्ड, तिकडे मांजराने अर्धी नेली सुद्धा. काय राखता, कपाळ?"

दरबार गार पडला. महाराज मोठ्याने हसले, आणि मागोमाग पंत हसले, भाद्रपदानंतर पहिल्यांदा.

सारांश, महाराजांनी यादीची आज्ञा मागे घेतली, सुतक टळले, लग्न माघात जाहले, शब्दखाना उघडा राहिला. दफ्तरी नोंद आहे ती ऐशी: लेडी, भिकाजीपंत, हयात. ओ साळूबाईच्या वतीने. इति.