चौकटीच्या रंगाबाबत ७३ नंबर गल्लीचं एकमत

खिडकीला दोन बाजू असतात, एक आतली आणि एक बाहेरची. यापलीकडे तिच्याबद्दल जे काही आहे ते सगळं चर्चेतून ठरवायचं असतं. भिंतीबद्दल कोणी मत देत नाही. गवंडी ती बांधतो आणि ती उभी राहते. दाराचंही तसंच. दारातून माणसांना जायचं असतं आणि माणसं घाईत असतात. खिडकीतून मात्र फक्त नजर जाते, आणि नजरेला वेळच वेळ असतो. म्हणून घर बांधायला जेवढे दिवस लागतात त्याच्या निम्मे तरी चौकटीचा रंग ठरवण्यात जावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या गल्लीत थोडे जास्त गेले.

मी तिक. हायफाँग शहरातल्या ७३ नंबर गल्लीच्या रहिवासी गटाचा प्रमुख. पद बिनपगारी आहे (हे सांगायची गरज नव्हती, पण लोक विचारतात). दरवर्षी कोणत्या घराला ‘सुसंस्कृत कुटुंब’ हे प्रमाणपत्र द्यायचं, याची छाननी माझ्याकडे असते. गल्लीत एकशे सहा कुटुंबं आहेत, आणि एकशे सहाही सुसंस्कृत आहेत. गेल्या वर्षी एकशे पाच होती. उरलेल्या एकाने एका रविवारी कराओकेवर सलग सहा तास गाणी म्हटली होती. यंदा त्याचा घसा बसल्यामुळे त्याला पुन्हा सुसंस्कृतांत घेण्यात आलं.

तर, खियेमने घर बांधायला काढलं. खियेम बंदरावर क्रेन चालवतो, त्याची बायको लियू बुटांच्या कारखान्यात आहे, आणि दोघांना वी नावाची एक मुलगी आहे. आमच्याकडे घर बांधायचं तर घरच्या पुरुषाचं वय आधी नऊने भागतात. बाकी एक उरली तर घर त्या पुरुषालाच बाधतं, तीन उरली तर बायकोला, सहा उरली तर पोरांना आणि आठ उरली तर गुराढोरांना (ज्यांच्याकडे गुरं नाहीत त्यांचं यात चांगलंच साधतं). खियेमला एकोणचाळिसावं चालू होतं. बाकी तीन.

“मला बाधायला घर कशाला हवं?” लियू म्हणाली. “तुम्ही एकटे पुरेसे आहात की!”

अशा वेळी वय उसनं घेतात. ज्याचं वय चांगलं, अशा नातेवाइकाला जागा कागदावर विकायची, त्याच्या हातून पाया खणायचा, आणि घर पूर्ण झालं की गृहप्रवेशाच्या दिवशी त्याच्याकडून परत घ्यायचं. खियेमचा बोंगमामा सदुसष्ट वर्षांचा होता. बाकी चार, आणि चार कोणाच्याच वाटेला जात नाहीत. मामाने उभा जन्म फेरीबोटीवर तिकिटं फाडली, सरकारी खोलीत राहिला आणि निवृत्तीनंतर मुलाच्या घरात जिन्याखालच्या खोलीत आला. त्याच्या नावावर घर होण्याची ही पहिलीच वेळ. पाया खणायच्या दिवशी त्याने नवा कोट घालून कुदळीचे नऊ घाव घातले. खऱ्या मालकाने त्या वेळी दिसायचं नसतं, म्हणून खियेम नाक्यावरच्या नूडल्सच्या दुकानामागे लपला आणि तेवढ्यात तीन वाडगे संपवून आला.

घर आमच्याकडच्या पद्धतीचं होतं: चार मीटर रुंद, तीन मजली, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. खिडक्या फक्त समोरून, मजल्याला एक. मधल्या मजल्यावरची खिडकी खियेमच्या आईसाठी, म्हणजे थोआआजींसाठी होती. आजी ऐंशी वर्षांच्या. एकतीस वर्षं त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, गुलमोहराखाली चहा विकला. मग गुडघे गेले. बांधकाम चालू असताना चौदा महिने त्या लियूच्या बहिणीकडे मागच्या खोलीत होत्या. तिथून पाण्याची टाकी दिसते. अख्ख्या घराबद्दल त्यांचं एवढंच म्हणणं होतं: “मला गल्ली दिसली पाहिजे. कोण आलं, कोण गेलं, एवढं कळलं की माझं भागलं.” माझ्या इतिवृत्तात हे दुसऱ्या पानावर ‘एक किरकोळ सूचना’ म्हणून नोंदलेलं आहे.

वर्षाच्या नवव्या महिन्यात घर तयार झालं. फक्त खिडक्या बसायच्या होत्या. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा क्वांग रंगांच्या नमुन्यांची फळी घेऊन आला आणि दहा मिनिटांत जाईन म्हणाला. त्याने स्कूटरही बंद केली नव्हती.

“हिरवा,” मामा म्हणाला.

“मामा, पांढरा म्हणत होतो आम्ही,” खियेम म्हणाला.

“मालक कोण?”

खियेमने लियूकडे पाहिलं. लियूने छताकडे पाहिलं. क्वांगने स्कूटर बंद केली.

वाद होऊ नये म्हणून घरांचे शुभाशुभ पाहणाऱ्या लुओंग गुरुजींना बोलावण्यात आलं. (वाद झाला तर प्रमाणपत्र धोक्यात येतं, हे मी सगळ्यांना प्रेमाने सांगितलं होतं.) गुरुजींनी होकायंत्र काढलं, सगळ्यांची जन्मसालं घेतली आणि बराच वेळ बोटांच्या पेरांवर मोजलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जो मी फक्त दुर्मीळ आजार सापडलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

“अहो, या घरात पाचही तत्त्वं आहेत!” ते म्हणाले. “खियेम अग्नी, लियू धातू, पोरगी पाणी, आई माती, आणि मालक...” इथे त्यांनी मामाकडे आदराने पाहिलं, “लाकूड.”

“हे चांगलं की वाईट?” लियूने विचारलं.

“दुर्मीळ,” गुरुजी म्हणाले.

स्थिती पुढीलप्रमाणे होती. पांढरा आणि राखाडी हे धातूचे रंग, आणि धातू लाकूड कापतो, म्हणजे मामा गेला. काळा आणि निळा पाण्याचे. त्यात खियेम विझतो. लाल लावला तर लियू वितळते. तपकिरी लावला तर माती पाणी अडवते, म्हणजे वीचं पुढचं शिक्षण अडलं. राहिला हिरवा. तो लाकडाचा, आणि लाकूड मातीतला कस ओढून घेतं. माती म्हणजे आजी. थोडक्यात, क्वांगच्या फळीवर चोवीस रंग होते आणि घरातल्या कोणाचा तरी घात न करणारा त्यात एकही नव्हता. क्वांगने ती फळी हळूच उलटी ठेवली.

पुढच्या दोन महिन्यांत अकरा बैठका झाल्या. साडेआठ किलो सूर्यफुलाच्या बिया सोलल्या गेल्या. हिरव्या चहाच्या किती किटल्या झाल्या ते मोजणारा माणूस चौथ्या बैठकीनंतर यायचा बंद झाला. पाचवी आणि सहावी बैठक लाकडासारख्या दिसणाऱ्या ॲल्युमिनियमवर खर्ची पडली. दिसायला ते लाकूड, जातीने धातू. गुरुजींनी नमुना तळहातावर तोलला, कानाशी नेला आणि सांगितलं, “ही चौकट स्वतःच स्वतःला कापते. घरात भांडणं होतील.” हे ऐकू आलं नाही, कारण तेव्हा भांडण चालू होतं.

सातव्या बैठकीत लियूने मुद्दा काढला की घर परत घेतल्यावर मामा मालक राहणार नाही, मग पांढरा कापून कापून कोणाला कापणार? मुद्दा बिनतोड होता. पण मामा मालक आहे तोवर पांढरा लावता येत नाही, खिडकी बसत नाही तोवर घर पूर्ण होत नाही, आणि घर पूर्ण होत नाही तोवर मामा मालक. मामाने ही अडचण फार धीराने घेतली. तो रोज सकाळी नवा कोट घालून यायचा आणि खिडकीच्या भोकाला लावलेली निळी ताडपत्री बाजूला करून, कमरेवर हात ठेवून गल्ली पाहायचा.

आठव्या बैठकीला आजींना आणलं. लियूच्या बहिणीच्या नवऱ्याने स्कूटरवर मागे बसवून, कमरेला ओढणी बांधून आणलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हिरव्याने कोणाचं वाईट होतं? माझंच ना? मग लावा हिरवा! ऐंशीची झाले मी, आता माझा कस कितीसा उरलाय ओढायला? लावा, आणि मला वर नेऊन बसवा. वर्ष संपायच्या आत बसवा म्हणजे झालं.”

बिया सोलायचा आवाज थांबला. खियेमचे डोळे भरून आले.

“आई, तुला अपाय होईल असा रंग या घराला लागणार नाही,” तो म्हणाला. “मी जिवंत असेपर्यंत नाही.”

“ताई, तू मला कडेवर घेऊन वाढवलंस गं,” मामा म्हणाला, आणि त्याने हिरव्याचा आग्रह तिथल्या तिथे सोडला.

“अरे पण मीच म्हणतेय ना...”

“आई, तुम्ही दमला असाल,” लियू म्हणाली, आणि आजींना पुन्हा ओढणी बांधून स्कूटरवर बसवण्यात आलं. मी इतिवृत्तात लिहिलं: ‘सभा भावनावश झाली. आजींचा प्रस्ताव त्यांच्यावरील प्रेमापोटी फेटाळण्यात आला.’ तीस वर्षांत इतकं सुसंस्कृत वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर गोष्टी झपाट्याने सुटल्या. एकदा प्रेम मध्ये आलं की माणसं तडजोडीला तयार होतात. गुरुजींनी दाखवून दिलं की घात खिडकी करत नाही, काच करत नाही, चौकटीचा रंग करतो. रंग नको असेल तर चौकट नको. चौकट नसेल तर काच राहायची कशात? तेव्हा भोकं विटांनी बुजवली की पाचही जण शंभर टक्के सुरक्षित. कोणीतरी विचारलं की मग खालच्या लोखंडी शटरच्या रंगाचं काय? गुरुजी म्हणाले की तो कारखान्यातूनच आलेला आहे, आणि जे आपण निवडलं नाही ते आपल्याला बाधत नाही. उजेडासाठी दिवे होते, हवेसाठी गच्चीत पंखा बसवायचं ठरलं. अकराव्या बैठकीत ठराव एकमताने मंजूर झाला (आजी टाकीवाल्या खोलीत होत्या). क्वांगनेही हात वर केला. तो मतदार नव्हता, पण त्याला घरी जायचं होतं.

बाराव्या महिन्याच्या सोळा तारखेला गृहप्रवेश झाला. आधी पेटती शेगडी आत गेली, मग पूर्वजांचे फोटो, चिकट भात, उकडलेली कोंबडी. मामाने कागदावर सही करून घर परत दिलं, कोट काढला, घडी केला आणि पिशवीत ठेवला. मग खियेमने आईला खुर्चीसकट उचलून मधल्या मजल्यावर नेलं आणि मोठ्या अभिमानाने खिडकीच्या जागेसमोर ठेवलं. आम्ही सगळे मागोमाग होतो.

समोर भिंत होती. नवी, गुळगुळीत. बरोबर मधोमध ‘सुसंस्कृत कुटुंब’ हे प्रमाणपत्र लावलेलं होतं. ते मीच दिलं होतं, आणि या घरासाठी म्हणून खास चौकट करवून घेतली होती.

आजींनी त्याकडे बोट दाखवलं.

“ही चौकट,” त्या म्हणाल्या, “हिचा रंग तपासलात का रे?”

सगळे दचकले. गुरुजींचा हात होकायंत्राकडे गेला.

“बोंग, इकडे ये,” आजी म्हणाल्या. “तू लहान असताना मी तुला रोज खिडकीत घेऊन उभी राहायचे. फेरीबोट दिसल्याशिवाय तू भात खायचा नाहीस. त्या खिडकीचा रंग सांग.”

मामाने डोकं खाजवलं. डोळे मिटले. “बोट पांढरी होती,” तो म्हणाला. “भोंगा दोनदा वाजायचा. वर एक लंगडा कुत्रा असायचा.”

“बोटीचा नाही विचारला. खिडकीचा.”

“नाही गं आठवत, ताई.”

“आठवेल कसा? बांबूचं झापड होतं, खाली काठी लावून उघडायचं. रंग नव्हताच त्याला, मेल्या!” आणि मग त्या, कोणावर न ओरडता, म्हणाल्या, “मला खाली न्या.”

तेव्हापासून आजी गल्लीच्या तोंडाशी, गुलमोहराखाली, प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात. हे दिवस झिमझिम पावसाचे आणि बोचऱ्या वाऱ्याचे. लियू दर तासाला जाऊन शाल सारखी करते आणि आत चला म्हणून रडकुंडीला येते. खियेम रोज कामावरून आला की मधल्या मजल्यावर जातो आणि भिंतीला हात लावून उभा राहतो. भिंत फोडायला आता सगळे तयार आहेत. हातोडाही आणून ठेवलाय. फक्त रंग ठरायचा आहे, आणि त्यासाठी येत्या पंधरवड्यात बाराव्या बैठकीचं योजलं आहे.

परवा आजींनी मला हाक मारली. “तिक, तुझ्या घरी खिडकीपाशी तीस वर्षं बसतोस ना लिहायला? कसल्या रंगाची आहे रे?” मी म्हटलं, तपकिरी. घरी जाऊन पाहिलं तर हिरवी. बायको म्हणाली, “माझी आई होती तोवर तिला तिथे बसायचं असायचं. तुमचे कागद पसरलेले असायचे.” हे मला कोणी कळवलं नव्हतं.

प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत इतर घरांची माहिती गोळा करण्याचं गटाने ठरवलं आहे. हे वाचून ज्यांना आमच्या गल्लीचं हसू आलं असेल, त्यांनी जागेवरून न उठता, मान वर न करता, पुढील दोन रकाने भरून द्यावेत. एक: आपल्या घरच्या खिडकीच्या चौकटीचा रंग. दोन: तिच्यापाशी बसू द्या, असं आपल्याला कोण म्हणालं होतं. पहिला रकाना रिकामा राहिला तरी चालेल.