अर्ध्या ट्यूनाचं प्रकरण

काटेवाडीच्या मानसिंगरावांच्या फ्रीजमध्ये, मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात अर्धा ट्यूना मासा विचाराधीन होता. पुण्याहून लेक वैष्णवी आली, तिनं तो डबाबंद मासा आणलेला. भिगवणचा ताजा मासा मिळत असताना ही कसली हौस, असं म्हणत मानसिंगरावांनी निम्मा हाणला. जाताना पोरगी म्हणाली, "आबा, उरलेला लवकर संपवा बरं का."

झालं! 'लवकर' हा शब्द मानसिंगरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कचेरीत एकतीस वर्षं ते हाच शब्द वाटत आले होते. 'लवकर' म्हणजे सहा महिने, 'लवकरात लवकर' म्हणजे साहेबांची बदली होईपर्यंत आणि 'तातडीने' म्हणजे कागद सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, फुलाबाईंनी, डबा हुंगला. "आज खा, न्हायतर टाकते. उघडलेला मासा फ्रीजमंदी तीन, लई तर चार दिवस."

"लेखी हाय का कुठं?"

"माझं नाक हाय की!"

"नाकाला सही-शिक्का नसतो," असं म्हणून मानसिंगरावांनी डब्यावर चिठ्ठी चिकटवली : 'प्रकरण प्रलंबित. कोणीही हात लावू नये.'

सातव्या दिवशी डब्यानं आपणहून स्मरणपत्र पाठवलं. फ्रीज उघडला की शेजारी खिडक्या लावून घेत. घरच्या मांजरीनं एकदाच वास घेतला आणि सरळ शेजारी बदली मागून घेतली. मानसिंगरावांनी वासाची नोंद घेतली व डबा वरच्या कप्प्याकडं वर्ग केला.

अकराव्या दिवशी फुलाबाई वैतागून सांगवीला माहेरी गेल्या. चूल थंड. मानसिंगरावांनी हिशोब मांडला : सहा महिन्यांच्या मानानं अकरा दिवस म्हणजे ताजाच की! नाक दाबून, भाकरीबरोबर त्यांनी प्रकरण निकाली काढलं.

दुपारपर्यंत प्रकरणानं त्यांनाच निकालात काढायला घेतलं. पोटात असा पीळ पडला की शेजाऱ्यांनी उचलूनच दवाखान्यात टाकलं.

"डॉक्टरला बोलवा! मेलो!"

खाटेजवळच्या आयाबाईंनी वाकून बघितलं आणि ओळखलं. कळंबच्या तानूबाई. नवऱ्यामागं वारसनोंद व्हावी म्हणून दीड वर्ष त्या याच माणसाच्या टेबलासमोर उभ्या होत्या. पदर सावरत त्या मायेनं म्हणाल्या, "घाबरू नगा भाऊसाहेब. डॉक्टर लवकर येत्याल."

मानसिंगरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी तानूबाईंचा हातच धरला. "बाई, पाया पडतो, लवकर नको! आत्ता म्हणा, आत्ता!"

डॉक्टर पाच मिनिटांत आले. तानूबाईंनी पळत जाऊन आणले. ती बाई काही कचेरीत नोकरीला नव्हती.

मानसिंगराव वाचले. तानूबाईंची नोंद त्याच आठवड्यात झाली. बाकीच्यांचीही होणार आहे, लवकरच. तोवर तुम्ही असं करा, तुमच्या फ्रीजमध्ये पार मागं सरकवलेली ती वाटी काढा. 'उद्या टाकू' म्हणाला होतात. कितवा दिवस आज?