केरबाचं काचेतलं गाव

माझ्या खिशातल्या घड्याळाचं एक चाक गेली कित्येक वर्षं पाण्याखाली मोट ओढतंय.

घड्याळ मी दुरुस्तीला दिलं होतं केरबाकडे, भोरच्या बाजारपेठेत. मी संस्थानच्या कचेरीतला कारकून. पाच मिनिटं उशीर झाला तरी साहेबांची बोलणी खाणारा. आठ दिवसांनी गेलो, तर केरबा डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून दुकानाबाहेर धावत आला. "रावसाहेब, तुमचं चाक बसलं बगा! लई झ्याक बसलं!"

मला वाटलं, घड्याळात बसलं.

त्यानं मला हाताला धरून मागच्या खोलीत ओढत नेलं. तिथे एका घडवंचीवर काचेची पेटी. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून केलेली चौकट, फटींना मेण आणि राळ, आत काठोकाठ पाणी. आणि त्या पाण्याच्या तळाशी अख्खं गाव! कौलारू घरं, देऊळ, पार, गोठे. विहिरीवर माझं पितळी चाक, चाकावरून दोरा आणि दोऱ्याला चिंचोक्याएवढी मोट. नीरेतून धरून आणलेले बोटाएवढे मासे बोळाबोळांतून हिंडत होते.

"आणि माझं घड्याळ?"

"ते करू की सवडीनं. गावाला आदी पानी नगं व्हय?"

अख्खं गाव पाण्याखाली, आणि ह्याला विहिरीची काळजी!

ते गाव केरबाचं स्वतःचं, वेळवंडीच्या काठचं. धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. कुणी वरव्याला गेलं, कुणी नसरापूरकडे. केरबा पुण्याला जाऊन घड्याळाचं काम शिकला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन भोरात राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरून गावातल्या घरांची जोती उघडी पडली की हा दुकानाला कुलूप लावणार आणि गाठी मारलेली सुतळी घेऊन जोती मोजत बसणार. "बोटभर बी चुकायचं न्हाई!" हे त्याचं पालुपद. परत येताना प्रत्येक जोत्याची माती वेगळ्या पुरचुंडीत. त्या मातीची घरं करून तो कुंभाराच्या भट्टीत भाजायला द्यायचा. कुंभार वैतागून म्हणायचा, "आरं, राखंत तुजं गाव हुडकू, का माजी कौलं काडू?"

पहिल्या खेपेला मात्र घात झाला. देऊळ पांढरं हवं म्हणून केरबानं त्याला चुना लावला आणि लगेच पाण्यात ठेवलं. सकाळी सगळे मासे उताणे. त्या दिवशी दुकान बंद. गिऱ्हाइकांना सांगत होता, "घरात मयत झालंय." दोघंतिघं बिचारे खांदा द्यायच्या तयारीनं आत आले! पुढे त्यानं चुन्याचं नाव टाकलं. पांढऱ्या गारगोट्या घासून देऊळ बांधलं आणि महिनाभर बादलीत भिजवून मगच आत सोडलं.

बाजारच्या दिवशी तर दुकानात पाय ठेवायला जागा नसे. गावची पांगलेली माणसं यायची आणि काचेला नाक लावून भांडायची.

"माजा गोठा हितं न्हवता! पाराच्या खालच्या अंगाला व्हता."

"आन माजा आंबा कुठं हाय रं?" एक म्हातारा विचारायचा.

केरबा सुतळी काढून गाठी मोजून दाखवायचा, तरी तासभर कालवा. झाडासारखी वाळकी मुळी चिमट्यात धरून त्यानं त्या म्हाताऱ्याचा आंबा लावला, तेव्हा म्हातारा टाळ्या पिटत नाचला. एका बाईनं काचेतल्या देवळाला वाकून नमस्कार केला आणि तिथेच डोळ्यांना पदर लावला. मी घड्याळ मागायला गेलेला माणूस. मीही कचेरी विसरून आंब्याच्या बाजूनं भांडलो.

एवढ्या गावात एकच जागा मोकळी होती. पाराशेजारची. खऱ्या गावात तिथे केरबाचं घर होतं. कुणी विचारलं की म्हणायचा, "माप जुळत न्हाई." साऱ्या गावाची मापं तोंडपाठ असणाऱ्यानं हे सांगावं! त्याची आई तर त्या पेटीकडे पाठ करूनच बसायची.

एकदा मी इरेला पेटलो. म्हटलं, आज घड्याळ घेतल्याशिवाय उठायचं नाही. केरबानं गडबडीत भलताच खण ओढला. आत कापसात ठेवलेलं एक घर. सगळ्या गावात असं एकही नव्हतं. दाराला बिजागरी, ओटीला खांब, आत चूलसुद्धा.

"केरबा, अरे, हे तर कधीचं तयार आहे!"

तो खाली बघत म्हणाला, "दोनदा पान्यापत्तूर न्येलं, रावसाहेब. हात म्होरं जाईना. एकदा बुडलंय. आता माज्या हातानं बुडवू?"

घड्याळाचं नाव काढायची मला लाज वाटली.

म्हातारी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून ती उठली. घर हातात घेऊन दारातून आत बघितलं. "चूल बराबर हाय," म्हणाली. मग लेकाला म्हणाली, "निगायच्या दिशी म्या समदं घर सारवून आले व्हते. तुजा बाप म्हनला, आता हितं कोन येनार? पर सारवलेलं घर रिकामं ऱ्हाऊ न्हाई, केरबा."

तिनं पदर खोचला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि घर पाराशेजारी ठेवलं. केरबा ढसाढसा रडत होता, रडता रडताच ओरडला, "आये, बोटभर डावीकडं!"

तिसऱ्या दिवशी त्यानं मला कचेरीतून उठवून नेलं. साहेबांसमोर! "चला, चला, ऱ्हायला आली!" मीही टोपी विसरून धावलो. एक ठिपक्यांची मासोळी त्या घरात शिरली होती. शेपटी तेवढी दाराबाहेर हलत होती. म्हातारी पेटीकडे तोंड करून पाटावर बसली होती. तिनं सुपातले दोन दाणे चुरडून पाण्यात सोडले.

"जेव पोटभर," ती मासोळीला म्हणाली, "घर आपलंच हाय."