तोंडातली मंडळी

शेजारचे अण्णा चहाचा कप तोंडाला लावण्याआधी म्हणतात, "घ्या मंडळी!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपासाठी हात पुढे केला. अण्णा एकटेच प्यायले आणि माझा हात तसाच राहिला.

मंडळी म्हणजे त्यांच्या तोंडातले जंतू. अण्णा मूळचे सायखेड्याचे द्राक्षबागायतदार. काकूंच्या आजारपणात मुलाने दोघांना नाशिकला, आमच्या इमारतीत आणलं. काकू गेल्या, मुलगा बदली होऊन पुण्याला गेला, आणि अण्णा फ्लॅटमध्ये उरले. मग दाढ ठणकू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दाढ किडलीये."

अण्णांनी विचारलं, "कीड हाय का रोग? फवारणी त्याच्यावर ठरती."

बाईंनी न हसता समजावलं. अळीबिळी काही नसते. दातांवर शेकडो जातींचे जंतू थर करून राहतात आणि एरवी एकमेकांना आवरून असतात. सारखं गोड मिळालं की आम्ल सोडणाऱ्यांचं फावतं, आणि त्या आम्लाने दात विरघळतो. एका घरातल्या माणसांचे जंतू एकमेकांच्या तोंडात जातात, हेही त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून अण्णा लिफ्टमध्ये गाठून व्याख्यान देतात. "एकटा कोणी वाईट नसतो, भाऊ. पण गोडाची पंगत बसली का आंबटतोंडे लय माजत्यात." सोसायटीच्या सभेत पाण्यावरून भांडण पेटलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. अध्यक्षांनी ते स्वतःवर घेतलं.

इथवर गंमत होती. पण अण्णा दाढ काढू देईनात. गाल सुजला, ताप चढला, जेवण तुटलं, तरी नाहीच. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच भीती वाटली. शेवटी रिक्षात घालून नेलं. बाई म्हणाल्या, "पू पसरतोय. आज नाही काढली तर जिवावर बेतेल."

अण्णा खुर्चीत आडवे पडून छताकडे बघत होते.

"ताई, घड खुडायच्या आधी द्राक्षाची गोडी बघायला आमची ही अर्धा मणी चावायची, अर्धा मला द्यायची. म्हंजी हिचे जंतू माझ्यात असतील ना?"

बाईंचे हात थांबले. "असतील, काका."

"साड्या वाटून टाकल्या. बाग इकली. हिचं जितं एवढंच राहिलंय माझ्यापाशी."

इतके दिवस मी या माणसाला विक्षिप्त म्हणून हसत होतो.

"एक दाढ गेली म्हणून सगळे जात नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "जिभेवर, हिरड्यांवर राहतात ते."

"नक्की?"

"नक्की. आता चूळ भरा आणि थुंका, मग इंजेक्शन देते."

अण्णांनी चूळ भरली. बराच वेळ ती गालात घोळवली, शेजारच्या बेसिनकडे पाहिलं, आणि गिळून टाकली. मग त्यांनी आ केला.