उंदरापर्यंतची सोयरीक

सर्व सजीव एकमेकांचे नातलग आहेत, हे विश्वाचे एक महान सत्य आहे. पाटोद्यात ते आमचे सोनवणे सर सांगतात, आणि इंटरनेट चालू असेपर्यंतच सांगतात.

आमच्या भागात दोन अनोळखी माणसे भेटली की "पाव्हणे कुठले?" इथून सुरुवात होते आणि चहा संपायच्या आत एकाची मावशी दुसऱ्याची चुलती निघते. आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सोनवणे सरांनी हा रिवाज माणसांपुरता ठेवला नाही. एखाद्या जनुकाची अक्षरमाळ ते जगभरच्या जनुकांच्या ऑनलाइन संग्रहात टाकतात आणि ते जनुक आणखी कुठल्या जिवांत सापडते ते बघतात. जुळले की टेबलावर थाप. "निघाली सोयरीक!"

मी मराठी शिकवतो. माझी सोयरीक त्यांनी पावातल्या यीस्टशी काढली. "लई लांबची हाय सर, पण नाकारता न्हाई येणार." मी पाव खाणे सोडले नाही.

प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात उंदीर सापडला, तर ते त्याला मागच्या बाभळीखाली सोडून येतात. "जवळचा पाव्हणा हाय." मला हे ढोंग वाटे.

मग एकदा त्यांच्या घरी चहाला गेलो. लिंबागणेशहून त्यांच्या आत्या आल्या होत्या. सरांच्या लहानग्या मुक्ताला जन्मापासून ऐकू येत नाही. आत्यांनी माझ्यादेखतच वहिनींना सुनावले, "आमच्या घरात असलं कदी न्हवतं. हे हिच्या माहेराचं." वहिनी आत गेल्या. ऐकायची सवय असावी.

सरांनी लॅपटॉप आत्यांपुढे सरकवला. मुक्ताच्या तपासणीत जे जनुक बिघडलेले निघाले होते, ते संग्रहात टाकले.

"बगा आत्या. हे उंदरात हाय, कोंबडीत हाय, माशात हाय. बिघडलं की उंदीरबी बहिरा व्हतो. त्याचं माहेर कुठलं वो?"

"मंग पोरीला आलं कुटून?"

"निम्मं हिच्याकडून, निम्मं माज्याकडून."

"तुज्याकडून?"

"माज्याकडून. कदीपासून सांगतोय."

आत्यांनी लॅपटॉप सरांकडे परत सरकवला. मग आत हाक मारली, "सूनबाई, तुजा चहा घिऊन हितं बस गं."

मुक्ताने बापाची बाही ओढली. सरांनी डोक्यावर दोन बोटांचे कान केले, उंदीर झाले, आणि एकदा तिच्याकडे, एकदा स्वतःकडे बोट दाखवले. ती खदखदून हसली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पुन्हा उंदीर सापडला. सर तासावर होते, म्हणून बाभळीखाली त्याला मीच सोडून आलो.

सोमवारी इंटरनेटची वायर कुरतडलेली निघाली.