जिन्यावरचं मौन

सर जिना चढायला लागले की अख्खी इमारत गप्प व्हायची. हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. सरांच्या बायकोला माहीत होतं, खालच्या रखवालदाराला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त सरांना, आणि सर तर समाजशास्त्राचे अधिव्याख्याते. माणसं एकमेकांशी कशी वागतात हे समजून घेण्याचाच त्यांना पगार मिळत होता.

इमारत चार मजली, बिनलिफ्टची. जिना मधोमध, चांगला रुंद आणि हवेशीर. घरात जीव घुसमटायचा, म्हणून कामं उरकली की लोक पायऱ्यांवर येऊन टेकायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाकू तुरपाई घेऊन यायच्या, त्यांच्या समोर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर उशी घेऊन यायचे, आणि बाकीचे येता-जाता भर घालायचे. सर राहायचे चौथ्या मजल्यावर, त्यामुळे हा सगळा दरबार ओलांडल्याशिवाय त्यांना घर गाठता येत नसे.

सुरुवातीला लोक सरांशीही बोलायचे. पण सरांना साधं बोलणं म्हणून जमतच नव्हतं. कुणी नुसतं 'आज फार उकडतंय' म्हणालं, तरी सर विचारणार की उकाड्याबद्दल तुम्ही सगळ्यांशी बोलता की ठरावीक माणसांशीच. शिवणकाकूंनी शेजारून वाटीभर साखर आणली, तर याच घरातून का, त्या घरातून का नाही, हे विचारून घेतल्याशिवाय त्यांना पुढची पायरी चढवत नसे. साखर राहिली बाजूला आणि दोन घरांत अबोला सुरू झाला. वर सरांनी एका रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. नावं अर्थातच गुप्त ठेवली होती. संशोधनाची तशी शिस्तच असते. लेखात एवढंच म्हटलं होतं, की दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, हनुवटीवर तीळ असलेल्या माहितगार क्रमांक चार यांचा आपल्या सुनेशी सत्तासंघर्ष सुरू आहे. त्या दिवसापासून जिन्यानं सरांचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं, आणि सरांची चप्पल वाजली की तोंडं मिटायला लागली.

इकडे सरांची बढती अडली होती. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर झोपा काढलेली पोरं प्राध्यापक होऊन शेजारच्या खोलीत बसायला आली, आणि सर होते तिथंच. बढतीला काहीतरी स्वतःचा शोध हवा, असं विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं. सरांनी डोंगर पालथे घातले, वाड्यावस्त्या हिंडून झाल्या. लोक आदरानं खुर्ची द्यायचे आणि सर कधी उठतात याची वाट बघायचे. हाती काही लागेना. हे गृहस्थ निवृत्तही अधिव्याख्याते म्हणूनच होणार, असं बायकोनं मनातल्या मनात धरून टाकलं होतं. सरांना मात्र ते धरवत नव्हतं. रात्रंदिवस त्यांना ती बढतीच दिसायची.

अशात एका संध्याकाळी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन सर जिना चढत होते. खालून त्यांना वर चाललेला हसण्याचा गलका ऐकू आला. दुसरा मजला गाठून बघतात तो काय, सगळे चिडीचूप. शिवणकाकू सुईच्या टोकाकडे बघताहेत, पोस्टमास्तर भिंतीकडे. तिसऱ्या मजल्यावरही तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सरांच्या अंगावर काटा आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. जग जिथं बडबड करतं, तिथं ही माणसं अमुक एका क्षणी, कुणी न सांगता, एकत्र मौन पाळतात.

सरांनी रीतसर चौकशी केली. तुम्ही गप्प का होता, असं त्यांनी प्रत्येकाला गाठून विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही. पोस्टमास्तर तर उशी काखोटीला मारून घरात गेले. सरांनी निबंधात लिहिलं, 'या परंपरेविषयी बोलण्यासही समूह नकार देतो. यावरून तिचे पावित्र्य ध्यानात यावे.' निबंधाला त्यांनी नाव दिलं, 'जिन्यावरील मौन : सामूहिक आत्मसंयमाची एक जिवंत परंपरा'. उगम कधीचा, या प्रश्नावर त्यांनी 'बहुधा अतिप्राचीन' असं म्हटलं. इमारत त्यांच्या लग्नानंतर बांधली होती, पण परंपरा इमारतीआधी नसतेच असं थोडंच आहे?

निबंध गाजला. एका मोठ्या विद्यापीठातल्या मोठ्या विदुषींनी त्याची भाषणांतून तोंड भरून स्तुती केली. नेमक्या त्याच सरांच्या निवड समितीवर आल्या, आणि मुलाखतीऐवजी हे मौन प्रत्यक्ष पाहूनच मी माझं मत देईन, असं त्यांनी कळवलं. सर हवेत तरंगत घरी आले आणि जेवताना बायकोला ही बातमी सांगितली. तिचा घास हातातच राहिला.

"अहो, एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"सांग की."

"ते लोक तुम्हाला बघून गप्प होतात."

सर मायेनं हसले. सामान्य माणसाला कारण आणि योगायोग यातला फरक कळत नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं.

"मग एकदा चप्पल काढून खाली उतरा," बायको म्हणाली, "आणि वळणावर उभे राहून ऐका. नंतर मला शिकवा."

सर अनवाणी उतरले, शास्त्राच्या प्रेमापोटी. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला चिकटून उभे राहिले. खाली नुसता कल्ला चालला होता. शिवणकाकू कमरेवर हात ठेवून सरांची नक्कल करत होत्या. "तुम्ही ही शिंक स्वतः दिली की कुटुंबानं दिली?" असं त्यांनी सरांच्याच आवाजात विचारलं, आणि पोस्टमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू ओसरल्यावर काकू हळू आवाजात म्हणाल्या, की माणूस तसा वाईट नाही, पण त्याच्यासमोर माणसासारखं बसायची भीती वाटते. हे शेवटचं वाक्य सरांना फार लागलं. नक्कल परवडली असती.

बायकोनं काय ऐकलंत म्हणून विचारलं, तेव्हा एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नसतात, एवढंच सर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. झोप कसली येते? खरं सांगावं तर बढती गेली, आणि विद्यापीठात शोभा व्हायची ती वेगळीच. न सांगावं तर विदुषी जिन्यावर येणार, लोक त्यांच्याशी धो धो बोलणार. पहाटेपहाटे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मौन माझ्यामुळे आहे ना? मग मी आहे तोवर मौन आहे. विदुषींना क्षणभरही एकटं सोडायचं नाही, की झालं.

विदुषी आल्या. सर पुढे, त्या मागे. सरांनी मुद्दाम चपला आपटत जिना चढायला घेतला. पहिल्या मजल्यावरची कुजबुज विझली, दुसऱ्यावरचं हसणं तुटलं. शिवणकाकूंनी तर दोरा तोडायला तोंडात धरला होता तो तसाच ठेवला. विदुषींनी छातीवर हात ठेवला. असं काही आपण उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, असं त्या डोळ्यांनीच सांगत होत्या.

वर गेल्यावर त्या म्हणाल्या की आता मी थोडा वेळ पायरीवर एकटीच बसते. सर म्हणाले, मी सोबतीला आहे. त्यांनी पाणी मागितलं, सरांनी जागचं न हलता बायकोला हाक मारली. त्यांनी खिडकीतली हवा कशी आहे ते बघून यायला सांगितलं, सर म्हणाले, चांगली आहे. शेवटी विदुषींनी चष्मा काढला.

"सर, पाहणाऱ्यानं पाहायच्या गोष्टीच्या मध्ये उभं राहू नये. पहिल्या वर्षाला शिकवतो आपण हे. तुम्ही आत जा आणि दार लावून घ्या."

सर आत गेले आणि दाराला कान लावून उभे राहिले. मग विदुषी खाली उतरल्याचा आवाज आला. कुणीतरी खाकरलं. मग शिवणकाकूंचा आवाज आला, तुमच्या ब्लाउजची बाही कुणी शिवली हो, खांद्यात ओढतेय. मग हसणं. मग पोस्टमास्तरांची ती जुन्या साहेबांची गोष्ट, जी सरांनी आजवर फक्त अर्धीच ऐकली होती. आणि मग विदुषीही हसल्या, चक्क खदखदून. सरांना राहवेना. त्यांनी दार उघडलं आणि दोन पायऱ्या उतरले. जिना गप्प झाला.

विदुषींनी वळून वर पाहिलं.

"सर, आत जा बरं जरा."

सर आत गेले. गलका सुरू झाला.

"सर, या आता बाहेर."

सर बाहेर आले. गलका बंद. असं त्यांनी आणखी एकदा करून घेतलं, नळाची चावी तपासावी तसं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला हसू येत होतं आणि नवऱ्याची दयाही येत होती, त्यामुळे तिनं पदर तोंडाला लावला.

विदुषी वर आल्या आणि खुर्चीत बसल्या. सरांनी मान खाली घातली. बढतीवर त्यांनी केव्हाच पाणी सोडलं होतं.

"कळलं ना तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"दुसऱ्यांदा दार उघडलंत तेव्हाच."

"मी निबंध मागे घेतो."

"भलतंच," विदुषी दचकून म्हणाल्या. "माझा नवा ग्रंथ छापायला गेलाय. अर्धा ग्रंथ तुमच्या या जिन्यावर उभा आहे. परदेशात व्याख्यानं देऊन आलेय मी यावर. परंपरा आहे, सर. असायलाच हवी."

मग त्यांनी व्यवहाराचं सांगितलं. त्यांचं मत सरांच्या बाजूनं जाईल. सरांनी फक्त ही इमारत सोडायची नाही, आणि रोज संध्याकाळी जिना चढायचा. विदुषींचे विद्यार्थी अधूनमधून निरीक्षणाला येतील, तेव्हा तर चुकवायचाच नाही. आपल्या पायावर धोंडा पडणार नाही एवढं सगळ्यांनी बघायचं, म्हणजे ज्ञान वाढत राहतं, असं त्या म्हणाल्या आणि उठल्या.

सर प्राध्यापक झाले. दारावर नवी पाटी लागली, विभागप्रमुख हात जोडून भेटले. पण सरांचं काहीतरी बिनसलं होतं. जिन्यावर त्यांच्या तोंडून प्रश्नच फुटेना. त्या वळणावर ऐकलेलं वाक्य घशात अडकलेलं असायचं. ते मान खाली घालून यायचे आणि तसेच वर जायचे. कुणाच्या हातात काय आहे, कुणाच्या घरातून कोण निघालं, याकडे ते बघायचेच नाहीत. लोकांना आधी संशय आला. आता हा डोळे मिटून लेख लिहितोय की काय, असं पोस्टमास्तर म्हणाले. मग हळूहळू संशयही दमला. एकदा तर सर जवळून जात असताना बोलणं थांबलं नाही, नुसतं जरा हळू झालं. त्या दिवशी सर दोन घास जास्त जेवले.

आणि मग तो शुक्रवार आला. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून विदुषींचे विद्यार्थी उभे होते, गळ्यात ओळखपत्रं आणि हातात ध्वनिमुद्रण करायची यंत्रं. सरांनी खालूनच त्यांना पाहिलं आणि चपला आपटत जिना चढायला घेतला. दुसऱ्या मजल्यावर आले, तर शिवणकाकूंनी तुरपाई मांडीवर ठेवली. पोस्टमास्तरांनी सरकून उशीचा अर्धा भाग मोकळा केला.

"सर, या ना, बसा," काकू म्हणाल्या. "रोज आपले खाली बघत जाता. कसं वाटतं आम्हाला? चुकलं असेल काही आमचंही. बसा जरा माणसात."

सरांचे पाय थांबले. इतकी वर्षं घरोघर माणसं शोधत हिंडलेल्या या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून बसा म्हटलं होतं. बसावं, त्या उशीवर टेकावं आणि आज फार उकडतंय एवढंच म्हणावं, असं त्यांना इतकं वाटलं की बस्स. त्यांनी वर पाहिलं. कठड्यावरून यंत्रं खाली झुकली होती.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि काकूंकडे न बघता ते वर निघून गेले.

पोस्टमास्तरांनी उशी परत ओढून घेतली. काकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही ओवला जाईना. सर चौथ्या मजल्यावर पोहोचले, त्यांचं दार लागल्याचा आवाज आला, तरी खाली कुणी बोलायला सुरुवात केली नाही. त्या संध्याकाळी जिना खरोखरच गप्प होता. विद्यार्थ्यांनी ते मौन आनंदानं टिपून घेतलं.